आवळीकोंडाने जगाचा घोर घेतला

कोंड म्हणजे कोकणातली छोटी वाडी; आवळीकोंडात एकवीस घरं. चारी बाजूंनी जांभ्याचा गडगा, आणि आत यायला एकच बेडं, म्हणजे आडव्या बांबूंचं सरकवायचं फाटक. कोंडातली माणसं वाईट होती असं मुळीच नाही. दारात आलेल्या गाईला गुळाचा खडा द्यायची, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहाला तोंड लावायची नाहीत. फक्त शिवेपलीकडचं काही आपलं नाही, हे त्यांच्या वाडवडिलांनी एकदा ठरवलं होतं, आणि ठरवलेलं मोडायची तिथे रीत नव्हती. शेजारच्या कोंडातून लग्नाची पत्रिका आली तर ती गडग्यावरच ठेवायचे. वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगडही ठेवायचे. पण उघडायचे नाहीत.

पुरुष मुंबईला कामाला जात, तेही शीव न ओलांडता. जाताना मूठभर माती पत्र्याच्या डब्यातून न्यायची आणि तिथल्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवायची, म्हणजे खोली शिवेच्या आत आली. असे दहा-दहा वर्षं मुंबईत राहिलेले लोक म्हातारपणी शपथेवर सांगत, की आम्ही कोंडाबाहेर कधी पाऊल टाकलं नाही.

शिवेच्या आतल्यांसाठी मात्र कोंड जीव पाखडी. त्याला ते ‘घोर घेणं’ म्हणत. देवदिवाळीला जाखमातेपुढे गाऱ्हाणं घालताना ज्याचं ज्याचं नाव निघालं, त्याचा वर्षभराचा घोर कोंडाचा. एकेका घराचा घोर दुसऱ्या घराकडे लावून दिलेला असे. ताप येवो, म्हैस आटो, सून रुसो, काही झालं की घोर घेणाऱ्या घराने त्या दिवशी एकभुक्त राहायचं, देवीपुढे दिवा लावायचा आणि चालत जाऊन विचारायचं, “बरं हाय ना?” जिवावरचं दुखणं टळलेली माणसं सांगत, औषध डॉक्टरचं, पण पाय टेकले ते घोरामुळे. एक मात्र होतं. आपल्या माणसाचा घोर आपल्याच घराने घ्यायचा नाही. तो तर असतोच, त्याला पुण्य कसलं?

गाऱ्हाणं घालायचा मान भागोजीकडे होता, आणि भागोजीची बायको काशी त्या वर्षी देवदिवाळीच्या चार दिवस आधीपासून त्याच्या मागे लागली होती.

“नम्रताचं नाव घ्या,” कुळथाची पिठी ढवळता ढवळता ती म्हणाली.

“घोटभर पानी दे.”

“पानी देते. नाव घ्याल?”

भागोजी पाणी प्यायला आणि भांड्यात बघत बसला. नम्रता त्यांची एकुलती लेक. शिवेबाहेर लग्न केलेली कोंडातली पहिली मुलगी. मुलगा सज्जन होता, दीपक नावाचा, पोफळीच्या वीजघरात कामाला. आवळीकोंडातले दिवे लागत ते तिथल्याच विजेवर. विजेला शीव नव्हती, जावयाला होती. नम्रता वर्षातून दोनदा एसटीने यायची आणि बेड्याबाहेर उभी राहायची. काशी आत. बांबूंच्या फटीतून लेक आईला चिपळूणचे पेढे द्यायची आणि आई लेकीला फणसाची साटं. दोनदा तिच्या पोटातलं गेलं होतं. आता तिसऱ्यांदा दिवस होते, चौथा महिना सरत आला होता, आणि डॉक्टरांनी पायरीसुद्धा उतरू नको म्हणून सांगितलं होतं.

“दोनी वेळेला तिच्यामागं कोन नव्हतं,” काशी म्हणाली. “मी रोज जप करते, पन आईचा जप तो आईचा. कोंडाचा घोर पायजे तिला.”

“गावकर मला गडग्यात चिनून ठेवील.”

“ठेवू दे. मी डबा आनून देईन.”

देवदिवाळीला देवळात सगळा कोंड जमला. कोंडाचा प्रमुख शिवा गावकर पुढे पाटावर बसला, डोक्याला मुंडासं, हातात वेताची काठी. भागोजीने नारळ हातात धरला आणि तीस वर्षांच्या सवयीने सुरुवात केली.

“आई जाखमाते, बेड्यापासून व्हाळापर्यंत, सड्यापासून मळ्यापर्यंत, तुजी लेकरं, तुजी गुरंढोरं…”

“व्हय म्हाराजा!” कोंड म्हणाला.

एकवीस घरं नावानिशी झाली. पोरंबाळं झाली. मुंबईच्या खोल्या झाल्या. भागोजीने बायकांच्या बाजूला पाहिलं. काशी पदर घट्ट धरून बसली होती, ओठ हलत होते. त्याने तोंड उघडलं. ‘न’ जिभेवर आला. तेवढ्यात गावकराने काठी या हातातून त्या हातात घेतली, आणि भागोजीने तो ‘न’ गिळला. पण तोंड उघडलेलं होतं, नारळ वर गेलेला होता, आणि देवीपुढे उघडलेलं तोंड रिकामं मिटता येत नाही.

“…आनि शिवेच्या भायेर जे जे काय हाय,” तो भडाभडा म्हणाला, “मानूस-जनावर, झाड-पाला, मुलूख-परमुलूख, सात समिंदरांच्या पल्याडचा, त्या समद्यांचा घोर आमच्यावर!”

“व्हय म्हाराजा!” कोंड सवयीने म्हणाला, आणि नारळ फुटला.

मग एकेकाने मान वर केली.

“भागोजी,” गावकर हळूच म्हणाला, “आता काय बोल्लास तू?”

“बोल्लो ते बोल्लो,” भागोजी घाम पुसत म्हणाला. “तुमी व्हय म्हनालात.”

ते खरं होतं. नारळही सरळ फुटला होता, दोन्ही भकलं स्वच्छ पांढरी. देवीने मान्य केलं होतं. घेतलेला नेम जड जातो म्हणून टाकता येतो का? येत नाही. त्या संध्याकाळपासून आवळीकोंडावर सबंध जगाचा घोर आला.

घरी आल्यावर काशी पाठ करून चुलीपुढे बसली.

“समद्यांत ती आली ना,” भागोजी चुलीकडे बघत पुटपुटला.

“समद्यांत आली म्हंजे नाव घेतलं व्हय?”

दुसऱ्या दिवशी वाटप झालं. जगात देश किती हे कोंडात कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून शाळेतल्या अभय सरांना बोलावलं. सर मंडणगडाकडचे, बेड्याबाहेरच्या शाळाखोलीत राहायचे. सहा वर्षं कोंडातली पोरं शिकवत होते, पण शिवेबाहेरचे म्हणून त्यांना आजवर कोणी ‘या, बसा’ म्हटलं नव्हतं. त्या दिवशी त्यांना पाट मिळाला, चहा मिळाला, आणि कोंडातल्या मैनाने चारचौघांत विचारलं, “सर, तुमची आई बरी हाय ना?” “गुडघे धरतात तिचे,” ते म्हणाले, आणि घाईने नकाशाचं पुस्तक उघडलं.

आपला सोडून एकशे चौऱ्याण्णव देश निघाले. घराला नऊ-नऊ आले, उरलेले पाच देवळाच्या वाट्याला गेले. मैनाला जपान आणि पोलंड धरून नऊ मिळाले, काशीला चिली आणि तुर्कस्तान धरून. गावकराने मोठे मोठे देश स्वतःकडे घेतले आणि भिंतीवर खडूने लिहून ठेवले.

“आनि पोफळी कोनाकडं?” बायकांच्या मागून काशीने विचारलं.

“पोफळी?” गावकर हसला. “काशी, पोफळी आपल्याच देशात हाय. आपला देश म्हंजे आपनच. त्याला काय वाटायचा?”

सगळे हसले. पेरूला घर होतं, आइसलँडला घर होतं. पोफळीला नव्हतं.

आता या कामात ज्या अडचणी आल्या, त्या नेम करणाऱ्यालाच कळतील. पहिली अडचण वेळेची. एकभुक्त कधी सोडायचं, आपल्या दिवेलागणीला की त्या देशातल्या? गावकराने निर्णय दिला की देवी इथली, सूर्य इथला. मग मैनाचं म्हणणं पडलं, की सोमवारी तिचा स्वतःचा उपास असतो आणि सोमवारीच भूकंपाने जपान हलला तर तो उपास कोणाच्या खात्यात? यावर दोन बैठका झाल्या. शेवटी ठरलं, की सोमवार शंकराचा, जपानसाठी मंगळवार वेगळा धरायचा. चालत जाऊन विचारणं तर शक्यच नव्हतं, म्हणून पोस्टकार्डं लिहायचं ठरलं. ‘बरं आहे ना? कळावे. आवळीकोंड.’ पत्ता म्हणून गुरुप्रसाद, जो बारावी झालेला होता आणि मोबाइलवरून सगळं शोधायचा, दिल्लीतल्या वकिलातींचे पत्ते काढून द्यायचा. पंधरा दिवसांत पोस्टातली कार्डं संपली.

आणि एका बेटाच्या वकिलातीतून चक्क उत्तर आलं! सरांनी ते देवळात वाचून दाखवलं. “आपल्या प्रेमळ चौकशीबद्दल आभार. आम्ही सुखरूप आहोत. आपण कसे आहात?”

“म्हंजे,” गावकर उठून उभा राहिला, “त्यांनी आपला घोर घेतला!”

त्या दिवशी कोंडात मुगाची खिचडी झाली, तीही ज्यांना त्या दिवशी खाता येत होती त्यांच्यापुरती.

पौषात एक दाढीवाला गोरा माणूस सायकलने मालगुंडाकडून वाट चुकून आला आणि बेड्यापाशी पाणी मागत उभा राहिला. गुरुप्रसादने देश विचारला.

“पोलंडचा हाय,” तो ओरडला. “पोलंड कोनाकडं?”

मैना अंगण सारवत होती. शेणाचे हात तसेच घेऊन ती धावत आली. “अगो बाय, माजा पोलंड!” तिने मनगटांनीच त्याची अलाबला घेतली. “घरी समदे बरे हायत ना? इच्यार त्याला, आय कशी हाय? गुडघं धरतात का?”

गुरुप्रसादने विचारलं. त्या माणसाचे डोळे मोठे झाले. त्याच्या आईचे गुडघे खरंच धरत होते.

“बगा!” मैना सगळ्यांकडे वळली. “गुरवारी मी उगाच नाय उपाशी ऱ्हायले.”

त्याला तिने स्वतः नऊ घावणे वाढले, नारळाच्या रसाबरोबर. ती समोर बसून नुसती बघत राहिली, कारण पहाटे जपान हलला होता.

ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली. रत्नागिरीच्या एका पेपरात चौकट आली, ‘एकवीस घरांवर पृथ्वीचा भार’. मग लोक यायला लागले. शेजारच्या कोंडातून चार माणसं नारळ घेऊन आली, आमचाही घोर नीट लावून घ्या म्हणून. गावकराने त्यांना बेड्याच्या आत घेतलं, चहा दिला आणि सांगितलं, “घेताव की. पन आमच्या घोरातली मानसं आमच्या मळ्यात गुरं सोडत नायत.” दुसऱ्या दिवसापासून गुरं बंद. पुढच्या कोंडाला त्याने भजनाची वेळ बदलायला लावली. तिसऱ्या गावाने दोन भावांचं बांधावरचं भांडण आणलं. गावकर दोघांच्या मधे जाऊन उपाशी बसला आणि दुपारपर्यंत भांडण मिटलं, कारण त्याच्या पोटातला आवाज कोणालाच ऐकवेना. माघापर्यंत तेरा गावं आवळीकोंडाला विचारल्याशिवाय विहीर उपसत नव्हती. गावकर बोलताना ‘आमी’ म्हणायचा आणि हात असा फिरवायचा की त्यात समुद्रसुद्धा यावा.

आणि कोंड वाळत चालला.

जग एवढं दुःखी आहे, हे गडग्याआड राहून कोणाला ठाऊक होतं? कुठे पूर, कुठे वणवा, कुठे दोन देश एकमेकांवर आग टाकताहेत. नऊ देशांतला एकही धड नाही असा दिवस उजाडत नव्हता. भाजावळीला, म्हणजे शेत भाजायला, गेलेले पुरुष कवळाचा, तोडलेल्या डहाळ्यांचा, भारा उचलायचे आणि त्याच भाऱ्यावर बसायचे. बायका चुलीपुढे बसल्या बसल्या डुलक्या घ्यायच्या. गुरुप्रसादने एके दिवशी देवळातल्या टीव्हीची वायरच काढून टाकली. “बातमी कळली नाय तर घोर नाय,” तो म्हणाला. पण मैनाने ती परत लावली. “देवी काय टीव्ही बघून न्याय करते?” ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून खाली बसली. तिचे डोळे खोल गेले होते.

काशीला नम्रताचा फोन रोज यायचा.

“आई, तू कधी येशील?” नम्रता विचारायची. आठवा लागला होता. पाय सुजले होते. दीपक कामावर गेला की घरात ती एकटी, उशाला तांब्या आणि मोबाइल.

“येते गो बाय. चिलीचं जरा निवळू दे.”

सगळं जगच घोरात आल्यापासून शीव ओलांडायला मनाई नव्हती, पण घोर उघडा, म्हणजे संकट निवळायचं, असेपर्यंत त्या घराने दुसऱ्या कामाला शीव ओलांडायची नाही, असा नियम होता. आणि काशीचे नऊ देश म्हणजे नऊ तान्ही पोरं. एक निजलं की दुसरं रडायचं. ती चिलीसाठी दिवा लावायची, तुर्कस्तानसाठी वाती वळायची आणि रात्री देवीला म्हणायची, “आई, तुला राग नको येऊ दे, पन मला आज एकदा पन चिलीचं मनापासून वाटलं नाय.”

शिमग्याच्या आधी देवळात बैठक भरली. गावकर उभा राहिला, तो काठीच्या आधाराने. मुंडासं आता त्याच्या डोक्याला सैल होत होतं.

“आमी ठरवलंय,” तो म्हणाला, आणि मग नेहमीच्या आवाजात, “मी म्हनतंय, पुरे झालं. जग ज्याचं त्याला देऊ. बेडं लावू. आपन बरे, आपला कोंड बरा.”

कोणी विरोध केला नाही. विरोधाला अंगात शक्ती लागते.

पण सोडायचं कसं? घोर घेताना एका दमात घेतला, तरी सोडताना एका दमात सोडता येत नाही. देवीपुढे एकेकाचं नाव घेऊन, चिमूटभर तांदूळ दाराबाहेर टाकून, ‘सोडलं’ म्हणायचं. म्हणून पुन्हा अभय सर आले, नकाशाचं पुस्तक घेऊन. भागोजी तांदळाची परात मांडीवर घेऊन दारात बसला.

सर वाचत गेले. “अंगोला.”

“सोडलं म्हाराजा!”

चिमूट बाहेर.

“आइसलँड.”

“सोडलं म्हाराजा!”

जपान आला तेव्हा मैनाने नाक ओढलं, पण सोडला. पोलंडला तिने सरांना थांबवलं, “त्याच्या आयचा गुडघा बरा झाला का, ते कळलं असतं तर…” गावकराने तिच्याकडे पाहिलं. “बरं, सोडला,” ती म्हणाली. दुपार झाली. दारापुढे चिमण्यांची झुंड जमली आणि देशामागून देश टिपू लागली. देश संपले, मग राज्यं निघाली. राज्यं संपली, मग जिल्हे. आवाज आता पुटपुटण्याइतका उरला होता. शेवटी सरांनी आपल्याच जिल्ह्याचं पान उलटलं.

“मंडणगड,” ते वाचून गेले, बाकीच्या नावांसारखंच. पण पुस्तकातून मान वर काढली नाही.

“सोडलं,” दोन-चार जण म्हणाले. मैना सरांकडे बघत राहिली.

“दापोली.”

“सोडलं.”

“खेड.”

“सोडलं.”

“चिपळूण.”

भागोजीने चिमूट उचलली. ती बोटांतच राहिली. पोफळी चिपळुणात येते हे त्याला माहीत होतं, काशीला माहीत होतं, आणि आणखी कोणाच्या ध्यानात असायचं काही कारण नव्हतं. एवढा हात झटकला की झालं.

काशी उठली. देवळात बाईने बैठकीत उभं राहून बोलायची पद्धत नव्हती. तिच्या पायांखाली पदर आला, तो तिने सोडवला.

“चिपळूण नाय सोडायचं,” ती म्हणाली.

“का गो?” गावकर दमून म्हणाला. “चिपळुनाचं काय सोनं लागलंय?”

“माजी नम्रता हाय तिथं. आठवा सरत आला. दोनदा गेलंय तिचं.” तिचा आवाज चढला नाही, पण थांबलाही नाही. “चार महिने मी चिलीसाठी उपाशी ऱ्हायले. माज्या लेकीसाठी एक पन घर उपाशी नाय ऱ्हायलं. तिला कोनी इच्यारलं नाय, बरी हायस का म्हनून. समदं जग घ्या नायतर सोडा. मला तेवढी एक ठेवा.”

दारातून भागोजीचा आवाज आला, परातीकडे बघत.

“चूक माजी हाय, गावकर. देवदिवाळीला मला तिचंच नाव घ्यायचं व्हतं.”

“मंग घ्यायचं की!”

“भ्यालो.”

“भ्यालास?” गावकराने काठी टेकली. “एका पोरीचं नाव घ्यायला भ्यालास, आनि सात समिंदर आमच्या उरावर घातलेस?”

“जग घेनं सोपं वाटलं,” भागोजी म्हणाला. “जगाला कोन इच्यारनार व्हतं, शीव का ओलांडलीस म्हनून?”

गावकराने तोंड उघडलं. चार महिन्यांत तो बारीक झाला होता, आणि बारीक माणसाला मोठा राग पेलत नाही. तो पाटावर बसला. बसल्यावर त्याच्या खांद्यांना कसला तरी हिसका बसला, आणि काशीला आधी वाटलं तो रडतोय. तो हसत होता. मग गुरुप्रसाद हसला, मग बायका, मग सगळं देऊळ पोट धरून हसलं; आणि उपाशी पोटी हसलं की दुखतं, म्हणून ‘आई गं, आई गं’ म्हणत हसलं.

“घे,” शेवटी डोळे पुसून गावकर म्हणाला. “घे नाव. पन नीट घे.”

भागोजी उठून गाभाऱ्यापुढे आला. परात त्याच्या हातातच होती. ती खाली ठेवून त्याने म्हटलं, “आई जाखमाते, नम्रता. आमची लेक. पोफळीला दिलेली. तिचा नि तिच्या पोटातल्याचा घोर.”

“व्हय म्हाराजा,” कोंड म्हणाला. या वेळी प्रत्येकाने आधी ऐकलं आणि मग म्हटलं.

“कोनाच्या घराकडं लावू?” गावकराने विचारलं. “काशी, तुला नाय घेता येनार, ठावं हाय ना?”

काशीने मान हलवली. ते तिला ठाऊक होतं. माणसं एकमेकांकडे बघत होती. सगळ्यांचे गाल बसलेले, सगळ्यांचे दंड उतरलेले. आणखी एक उपास कोणाला मागायचा?

“माज्याकडं द्या,” मैना म्हणाली.

“तू? तू उभी ऱ्हा आधी.”

“जपान झेपला मला,” ती खांबाला धरून उठली. “एवढीशी नम्रता काय जड हाय? आनि सर, ते मंडनगडाचं पान परत काढा. तुमच्या आयचं कोन बघनार? लिवा माज्याच नावावर. मंडनगड नको समदा, आय तेवढी लिवा.”

सर पानंच उलटत राहिले, आणि पान मिळेना.

मैना काशीजवळ आली. तिचा हात गरम होता आणि हलका, नुसत्या हाडांचा. “चालत जायला लांब हाय,” ती म्हणाली. “पोफळीला यष्टी किती वाजता?”

“सकाळी साडेसहाला,” काशी म्हणाली. “चिपळुनाला बदलायची.”

“घोर घेनाऱ्याला शीव मोकळी, पन शिवेभायेर कधी गेले नाय मी. हात दाखवला की थांबते ना ती?”

“थांबते.”

“पायांना सूज हाय म्हनतेस. मंग मीठ कमी. कुळथाचं कळन न्यायचं का? की गोड काय आवडतं तिला?”

काशी सांगायला गेली. तिला आठवलं की लहानपणी नम्रताला खापरोळ्या आवडायच्या, पण आता काय आवडतं ते आपल्याला माहीत नाही.

“तूच इच्यार तिला,” ती म्हणाली, “नि मला येऊन सांग.”